मूळ धातूचा रकाना

दहा वर्षं जपून ठेवलेले नमुने मोडीत काढायचं काम कुपवाड एमआयडीसीतल्या संधान कोटिंग्ज या कारखान्यात दर जानेवारीत होतं. २०४१ साली ते बावीस तारखेला, मंगळवारी निघालं. चाचणी विभागाच्या प्रमुख रेवती चौगुले खोक्यांवरचे क्रमांक वाचत होत्या आणि ब्लास्टिंग विभागातले सर्जेराव एकेक खोकं हातगाडीवर चढवत होते. पावणेअकराच्या सुमाराला एका खोक्याचा गंजलेला तळ सुटला आणि आतला एक गुटका फरशीवर पडला.

गुटका म्हणजे चाचणीसाठी कापलेला पोलादाचा तुकडा, अंगठ्याहून थोडा जाड, दीड इंच लांब. त्याच्या एका तोंडावर पांढऱ्या सिरॅमिकचा लेप होता. तो कमरेएवढ्या उंचीवरून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"बाई, पोलाद म्हणायचं का बिस्किट?" सर्जेराव हसले.

रेवती हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून खिडकीपाशी नेले. लेप जागच्या जागी होता, त्याला ओरखडाही नव्हता. तुटलं होतं ते लेपाखालचं पोलाद. तुटलेल्या जागी ते साखरेच्या खड्यासारखं दाणेदार चमकत होतं. चांगलं पोलाद वाकतं, ताणलं जातं, मग तुटतं, आणि तुटलेल्या जागी राखाडी, तंतुमय दिसतं. हे यातलं काहीही न करता तुटलं होतं.

"हे खोकं कुठल्या कपाटातलं, सर्जेराव?"

"खालच्या. म्हणजे महापुरात बुडालेलं, ते. जुन्या गोदामातलं."

२०३४ च्या महापुरात सांगलीत नदीजवळ असलेलं कारखान्याचं जुनं गोदाम नऊ दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर वरच्या आणि खालच्या कपाटांतले नमुने तसेच नव्या गोदामात आणले गेले. खालच्या खोक्यांतला ओलावा कुणी वाळवला नाही. नमुन्यांना काय होणार होतं? त्यांच्यावर सिरॅमिक होतं.

त्या दिवशी मोडीचं काम तिथेच थांबलं. रेवतींनी बुडालेल्या खोक्यांतले चोवीस गुटके काढले. त्यांतल्या बारांची नेहमीची खेच चाचणी केली. बाराही पास झाले. उरलेले बारा व्हाइसच्या जबड्यात धरून सर्जेरावांनी लाकडी हातोड्याने एकेक फटका दिला. सात तुटले.

*

चिनीमातीसारखं सिरॅमिक धातूवर चिकटवणं हे जुनं दुखणं आहे. तापलं की धातू जास्त फुगतो, सिरॅमिक कमी फुगतं, आणि दोघांच्या ओढाताणीत लेपाची साल निघते. पूर्वी त्यावर दोन उपाय होते. धातूवर कणीदार भुकटीचा झोत मारून तो खरखरीत करायचा, म्हणजे वितळलेलं सिरॅमिक त्या खाचांत शिरून घट्ट बसतं. आणि मधे एक तिसरा थर द्यायचा, ज्याचं दोघांशीही जमतं. अडचण अशी, की पोलादासाठी चालणारा मधला थर कोबाल्टसाठी चालत नसे आणि कोबाल्टचा ॲल्युमिनियमसाठी. प्रत्येक धातूची पाककृती वेगळी होती.

कारखान्याचे संस्थापक डॉ. शशांक आठल्ये यांनी २०३० मध्ये तयार केलेल्या जोडथराने ती अडचण संपवली. त्यात असे क्रियाशील धातू होते, जे वरच्या सिरॅमिकमधला ऑक्सिजन थोडा ओढून घेत आणि खाली जो धातू असेल त्यात स्वतः थोडे मिसळत. एक थर, कुठलाही धातू. त्याच्या जाहिरातीत एवढंच वाक्य असे.

सर्वांत मोठा बदल झाला तो कृत्रिम सांध्यांत. मांडीच्या हाडात बसवायचा खुब्याचा दांडा हाडाशी एकजीव व्हावा म्हणून त्यावर सिरॅमिकचा लेप लागतो. आता तो लेप स्वस्त, कडक पोलादावरही कोबाल्टइतकाच पक्का बसू लागला. बाजारात ज्या महिन्यात जो धातू मिळेल, त्याचे दांडे घडवले जाऊ लागले. सरकारचं सांधे मंडळ स्थापन झालं, स्वस्त सांध्यांची योजना आली, आणि दहा वर्षांत एक्केचाळीस हजार तीनशे माणसं काठी टाकून चालू लागली.

या सगळ्या दांड्यांच्या प्रमाणपत्रांवर रेवती चौगुले यांची सही होती. खेच चाचणी साधी असते. लेप दिलेला गुटका आणि एक कोरा गुटका गोंदाने समोरासमोर चिकटवायचे, भट्टीत गोंद पक्का करायचा, आणि यंत्रात दोन्ही टोकं धरून विरुद्ध दिशांना खेचायचं. साल निघाली, तर ज्या ताणाला निघाली तो आकडा म्हणजे लेपाची ताकद. गोंदच आधी सुटला, तर लेप त्या आकड्याहून मजबूत, म्हणजे पास. जोडथर आल्यापासून साल कधीच निघाली नव्हती. प्रत्येक वेळी गोंद सुटत होता. सुरुवातीला पेढे वाटले गेले. पुढे त्याची सवय झाली.

आणि सवय झाल्यावर २०३३ मध्ये रेवतींनी एक सुधारणा सुचवली होती. प्रमाणपत्रावर आणि रुग्णाच्या कार्डावर 'मूळ धातू' असा एक रकाना असे. पोलाद असो वा कोबाल्ट, निकाल एकच येतो, मग दोन धातूंच्या वेगळ्या चळती, वेगळे डबे, वेगळ्या नोंदी कशाला? रकाना काढून टाकला तर दिवसाला आठ दांडे जास्त तपासून होतील. सूचना मान्य झाली. रेवतींना त्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

*

मिरजेत ब्राह्मणपुरीच्या मागे एका दुमजली इमारतीत रेवती आणि त्यांची नणंद मंदाकिनी दोघीच राहत. रेवतींचे पती सात वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. मंदाकिनीने लग्न केलं नव्हतं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर म्हणून उभ्याने काढल्यावर तिचा उजवा खुबा झिजून गेला आणि निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षं तिने खाटेपासून मोरीपर्यंत भिंत धरून चालण्यात घालवली. "माझ्या हातून तपासून गेलेला सांधा आहे, वन्सं. डोळे झाकून बसवा," असं रेवतींनीच तिला पटवलं होतं. २०३६ मध्ये सांधा बसला. आता ती अडुसष्ट वर्षांची होती आणि रोज सकाळी मार्केटपर्यंत चालत जाऊन भाजी आणत होती.

बावीस जानेवारीच्या संध्याकाळी रेवती घरी आल्या तेव्हा मंदाकिनी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती.

"उतरा आधी खाली!"

"आलीस? कसली ओरडतीस गं, दचकले ना."

"स्टूल हलतंय. मला सांगायचं होतं काढायला."

"रंकाळा-मिरज गाडीत छतावरचं टोपलं काढून दिलंय मी चालत्या गाडीत. स्टुलाचं काय सांगतीस."

रेवतींनी स्टूल उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं आणि गॅलरीचं दार लावलं. मंदाकिनी बघत राहिली.

*

डॉ. आठल्ये यांनी तुटलेले सात गुटके भिंगाखाली पाहिले. 

"हायड्रोजन," ते म्हणाले. "चौगुलेबाई, हा हायड्रोजन आहे."

सिरॅमिकचा लेप दिसायला अखंड असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि जोडथरापर्यंत पोहोचतं. जोडथर ऑक्सिजनचा भुकेला. तो पाण्यातला ऑक्सिजन घेतो आणि हायड्रोजन सोडतो. हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान, त्यामुळे तो वर जायच्या ऐवजी खाली, धातूच्या दाण्यांमधल्या फटींत शिरतो. वर सिरॅमिकचं झाकण असल्याने बाहेर पडायला वाट नाही. वर्षानुवर्षं तो साचत जातो आणि धातू आतून ठिसूळ होतो. कोबाल्टला फारसं काही होत नाही. कडक पोलादाला होतं.

"पण खेच चाचणीत बाराच्या बारा पास आहेत," रेवती म्हणाल्या.

"पास असणारच. ठिसूळ पोलादसुद्धा गोंदापेक्षा दसपट मजबूत असतं. ते सरळ खेचलं तर टिकतं. आपटलं, वाकवलं किंवा रोज रोज भार दिला की तुटतं."

"म्हणजे चालल्यासारखा."

"हो."

"गोदामात नऊ दिवस पाणी होतं, आणि नंतरचा ओलावा. माणसाच्या अंगात..." रेवतींनी वाक्य सोडून दिलं.

आठल्ये प्रामाणिक माणूस होते. त्यांनी त्याच दिवशी सांधे मंडळाला कळवलं आणि नवं काम बंद केलं. साठ्यातले वीस पोलादी आणि वीस कोबाल्टचे कोरे दांडे त्यांनी लेप देऊन गरम, खारट पाण्यात, वाढीव दाबाखाली ठेवले. हाडातली बारा वर्षं सहा आठवड्यांत उरकण्याचा तो मार्ग होता. त्यांवर दर सेकंदाला एका पावलाचा भार पडत होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. कोबाल्टचा एकही तुटला नाही. पोलादाचे पाच तुटले.

मंडळाच्या बैठकीला आठल्ये आणि रेवती होते, मंडळाचे चार सदस्य होते, आणि मिरजेतल्या शल्यविशारद डॉ. शगुफ्ता मुजावर होत्या. त्यांनी स्वतः अकराशेहून जास्त दांडे बसवले होते.

"मला एवढंच सांगा," डॉ. मुजावर म्हणाल्या, "कुणाच्या पायात पोलाद आहे आणि कुणाच्या पायात कोबाल्ट. पोलादवाल्यांना मी उद्यापासून बोलावते. बाकीच्यांची झोप मोडायची नाही."

"२०३३ पर्यंतच्या कार्डांवर लिहिलेलं आहे," आठल्ये म्हणाले.

"आणि त्यानंतरच्या?"

आठल्ये यांनी रेवतींकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"रकाना नाही," रेवती म्हणाल्या. "मी काढायला लावला. दोन्ही धातूंचे दांडे एकाच डब्यातून लेपाला जायचे. दहातले सहा पोलादाचे असतील, इतकंच खरेदीवरून सांगता येतं. कुठले सहा, ते नाही सांगता येत."

"एक्स-रेमध्ये?" एका सदस्याने विचारलं.

"दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. चुंबकालाही दोन्ही लागत नाहीत," डॉ. मुजावर म्हणाल्या. "मी ते दांडे हातात घेऊन बसवलेत, साहेब. मलाही ओळखू आले नव्हते. लेपाखाली काय आहे हे लेप काढल्याशिवाय कळत नाही. आणि लेप काढायचा म्हणजे दांडा काढायचा."

मग त्यांनी दांडा काढणं म्हणजे काय ते सांगितलं. लेप धातूला जितका घट्ट धरतो तितकाच हाडालाही. पूर्वीचे दांडे ठोकून बाहेर येत. हा येत नाही. मांडीचं हाड उभं चिरावं लागतं, दांडा सोलून काढावा लागतो, हाड तारांनी बांधावं लागतं. पासष्टच्या पुढच्या माणसांत अशा शस्त्रक्रियेनंतर नवातला एक वर्षभरात जातो.

कागदावर हिशेब सोपा होता. धातू माहीत नसलेली छत्तीस हजार माणसं. काहीच केलं नाही, तर साधारण सहा-सातातल्या एकाचा दांडा बारा वर्षांच्या आत, चालता चालता, रस्त्यात किंवा जिन्यात तुटणार. सगळ्यांचे काढले, तर नवातला एक मरणार, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दांडा मुळात चांगला असणार.

मंडळाने ठरवलं की आणखी एका चाचणीचा निकाल येईपर्यंत, म्हणजे महिनाभर, बाहेर काही बोलायचं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. रेवतींनीही केली.

*

त्या महिन्यात चौगुल्यांच्या घरात बरेच बदल झाले. भाजी घरपोच येऊ लागली. दूध वर येऊ लागलं. मंदाकिनीच्या चपला दाराशेजारून कपाटात गेल्या. रेवती कारखान्यातून दिवसातून चारदा फोन करू लागल्या. डेपोतल्या निवृत्त बायकांची नृसिंहवाडीची सहल ठरली होती. रेवतींनी "तुमचं ब्लडप्रेशर" असं काहीतरी म्हणून ती मोडायला लावली.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मंदाकिनी ताटावरून उठलीच नाही.

"बस," ती म्हणाली. "खरकटं राहू दे. बस इथं."

रेवती बसल्या.

"एकतीस वर्षं मी माणसांची तोंडं बघितली. तिकीट न काढलेली बाई कंडक्टरकडे कशी बघती माहितीये? कंडक्टर बघत नसताना बघती. तू महिनाभर माझ्या पायाकडे तशी बघतीस."

"काही नाही, वन्सं."

"माझा सांधा बिघडलाय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तूच तपासलास ना?"

मग रेवतींनी सांगितलं. गुटका, पाणी, पोलाद, कोबाल्ट, रकाना, सगळं क्रमाने सांगितलं. मंदाकिनीने मधे एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे तू अकरा वर्षं खेचून खेचून मोजत काय होतीस?"



"गोंद," त्या म्हणाल्या. "दर वेळी गोंदच सुटायचा. गोंदाची ताकद मोजत होते."

मंदाकिनी मोठ्याने हसली. मग तिचं हसणं बंद झालं आणि तिने तोंडावर पदर घेतला.

"आमच्या डेपोत सहा जणींना बसलाय हा सांधा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "शकुंतला, दोघी कांबळे बहिणी, ती इस्लामपूरची... त्या वाडीला गेल्या. पायऱ्या उतरून घाटावर गेल्या असतील. तू माझी सहल मोडलीस. त्यांची का नाही मोडलीस?"

"सही केली होती मी."

"सही!" मंदाकिनीने ताट बाजूला सारलं. "सह्याच करत आलीस."

तिने फोन उचलला. रेवतींनी तिचा हात धरला नाही. मंदाकिनीने डेपोच्या बायकांच्या गटावर चार मिनिटांचा निरोप बोलून पाठवला. आवाज बस स्टँडवर थांबे पुकारताना असायचा तसा, स्पष्ट आणि सपाट होता. सोमवारी सकाळी तो निरोप पुण्यात पोहोचला होता, मंगळवारी मराठवाड्यात.

*

पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं त्याचा अंदाज मंडळातल्या कुणी केला नव्हता. दांडे तुटले नाहीत. माणसं बसली.

चांगली चालती-फिरती माणसं खुर्चीत बसली आणि उठेनात. एका सेवानिवृत्त तलाठ्याने अंगणातलं नळकोंडाळं तेरा पावलांवर आहे म्हणून अंघोळ सोडली. लातूरच्या एका शिक्षकाने चाकाची खुर्ची आणली. रुग्णालयांसमोर 'काढा' म्हणणाऱ्यांची रांग होती, आणि 'आम्हाला कशाला सांगितलंत' म्हणणाऱ्यांचीही होती. बसून राहिलेल्यांपैकी काही जण पायात रक्त गोठून गेले. त्यांचा आकडा मंडळाने वेगळा ठेवला नाही.

सही मोडली म्हणून मंडळातल्या एकाने रेवतींना काढून टाकायची मागणी केली. आठल्ये म्हणाले, "त्यांना काढा. मग काढलेले दांडे तपासणार कोण?" तो विषय तिथेच संपला. शस्त्रक्रियेत निघालेला प्रत्येक दांडा आता रेवतींच्या टेबलावर येत होता. लेप घासून धातू ओळखायचा, भार द्यायचा, निकाल लिहायचा. किती दांडे खरोखर धोक्याचे होते ते कळलं, की पुढच्यांना सल्ला देता येईल.

मंदाकिनीने एप्रिलच्या चार तारखेला ठरवलं.

"काढायचा," ती म्हणाली.

"वन्सं, नवातला एक—"

"ऐकलंय ते."

"दहातले चार कोबाल्टचे आहेत. आणि पोलाद असलं तरी चारातला एकच तुटतो. न काढणं जास्त बरं, असं आकडे—"

"आकडे तुझ्याजवळ ठेव. मी सांगते तुला. खटारा गाडीतून मी हजार वेळा आंबा घाट उतरले. ब्रेक कसे आहेत मला माहीत नव्हतं. बेल मारली, गाडी निघाली. पण ड्रायव्हरने एकदा मागे वळून सांगितलं ना, की बाई, ब्रेकचं काही खरं नाही, लागतील किंवा नाही लागणार, तर त्या गाडीला मी बेल देणार नाही. मला रोज सकाळी खाटेवरून पाय खाली टाकताना बेल द्यायला लागतीये, रेवती. नाही होत."

"मी सांगायला नको होतं."

"तू सांगितलं नसतंस तर मी तुझं तोंड बघितलं नसतं," मंदाकिनी म्हणाली. मग जरा थांबून, "पण झोप लागली असती."

डॉ. मुजावर यांनी पंधरा एप्रिलला स्वतः शस्त्रक्रिया केली. ती सव्वापाच तास चालली. हाड चार ठिकाणी बांधावं लागलं. बाहेर येऊन त्यांनी रेवतींना सांगितलं, "सगळं नीट झालं." त्या रात्री आणि पुढचे काही दिवस ते खरंच होतं. मंदाकिनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिकिटांचे जुने दर सांगत होती. नवव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला उभं केलं तेव्हा तिने त्याला "सुट्टे आहेत का?" असं विचारून हसवलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिला दम लागला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. आठ वाजायच्या आत सगळं संपलं.

*

मिरजेहून आलेल्या दांड्यांच्या रांगेत मंदाकिनीच्या दांड्याची पाळी आली तेव्हा त्याच्या पिशवीवर नियमाप्रमाणे नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. रेवतींना तो क्रमांक पाठ होता. दहावा-बारावा होऊन त्या दोन दिवसांपूर्वीच कामावर आल्या होत्या.

"बाई, हा मी करतो," सर्जेराव म्हणाले.

"नको."

त्यांनी दांडा व्हाइसमध्ये धरला. लेपावर हाडाचा पातळ पापुद्रा अजून चिकटलेला होता. लेप हाडापासून सुटला नव्हता. हाडच त्याच्याबरोबर आलं होतं. त्यांनी एका बाजूने नखभर जागा घासली. आधी पांढरी भुकटी पडली, मग जोडथराची काळसर रेघ दिसली, मग धातू. धातूचं नाव सांगणारं हातातलं यंत्र त्यांनी त्या जागेवर टेकवलं.

कोबाल्ट.

त्यांनी यंत्र उचललं, पुसलं, दुसऱ्या जागी टेकवलं. कोबाल्ट.

दांड्याला दहा दिवस भार दिला गेला. नियमाप्रमाणे तो द्यावाच लागतो. तो तुटला नाही. तो आणखी चाळीस वर्षं तुटला नसता. रेवतींनी तक्त्यात निकाल लिहिला. त्या आठवड्यापर्यंत तीनशे बारा दांडे तपासून झाले होते. पोलादाचे एकशे अठ्ठ्याऐंशी, कोबाल्टचे एकशे चोवीस. धोक्याचे ठरलेले एक्कावन्न. तक्ता दर शुक्रवारी प्रसिद्ध होत होता आणि त्याखाली चाचणी विभागाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असे. आठल्ये यांचा त्याला विरोध होता. रेवतींनी तो हट्टाने छापायला लावला.

जूनमधल्या एका दुपारी कवठेमहांकाळहून एका बाईचा फोन आला. आवाजावरून सत्तरीच्या असाव्यात.

"ते सांध्याचं विचारायचं होतं. मुलगा म्हणतो काढून टाक, सून म्हणती नको. तुम्ही तपासणाऱ्या बाई का?"

"होय. चौगुले."

"बाई, तुमच्या घरात कुणाला होता का हा सांधा?"

"होता. माझ्या नणंदेला."

"मग त्यांनी काय केलं?"

"काढला."

"हां." बाईंना हायसं वाटल्यासारखं झालं. "मग? आता बऱ्या आहेत का?"

सर्जेराव टेबलापलीकडे काम थांबवून बघत होते.

"नाही," रेवती म्हणाल्या. "एकोणिसाव्या दिवशी गेल्या. आणि त्यांचा सांधा चांगला निघाला. काढायची गरज नव्हती."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"असं का सांगता हो बाई?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मग मी काय करू?"

"तुमचा सांधा कधी बसवला?"

"नातीच्या बारशाच्या आधी. नात आता नऊ वर्षांची आहे. म्हणजे... बत्तीस साल असेल."

रेवती खुर्चीत सरळ बसल्या.

"मग तुमच्या कार्डावर धातूचं नाव असेल. मागच्या बाजूला, खालून तिसरी ओळ. पोलाद किंवा कोबाल्ट. तिथं काय लिहिलंय त्यावरून मी सांगू शकेन. कार्ड आहे ना जवळ?"

"आहे. आतल्या खोलीत पेटीत आहे. थांबा हं, आणते."

"घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना—"

पण फोन टेबलावर टेकवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली. बाई उठल्या, आणि फरशीवरून त्यांची पावलं, एक जड, एक हलकं, आत जाऊ लागली. रेवती फोन कानाला लावून ती ऐकत राहिल्या.